आतड्यातील जिवाणू आणि वाढत्या मुलाचा मेंदू : पुरावा कोठपर्यंत पोहोचला आहे?

मृण्मयी_स (धागाकर्ती)

गर्भाचे आतडे जन्मापूर्वी जवळपास जंतुविरहित असते. प्रसूतीच्या वेळी आणि नंतरच्या काही दिवसांत आईच्या शरीरावरचे, दुधातले आणि भोवतालचे जिवाणू तेथे वस्तीला येतात आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत ही वस्ती प्रौढ माणसाच्या आतड्यातल्यासारखी दिसू लागते. मेंदूची सर्वांत वेगवान वाढही याच काळात होते. दुसरे वर्ष संपताना त्याचे आकारमान प्रौढ मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेले असते. या दोन गोष्टी केवळ एकाच वेळी घडतात, की त्यांपैकी एक दुसरीवर अवलंबून असते, हा या धाग्याचा विषय आहे.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. अलीकडे ओळखीतले पालक मुलांच्या विष्ठातपासणीचे रंगीत अहवाल घेऊन येतात आणि त्यासोबत हजारो रुपयांच्या प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूलची यादी असते, म्हणून सविस्तर लिहावेसे वाटले. माझे मत आधीच सांगते. जिवाणूंचा मेंदूवर परिणाम होतो, हे खरे आहे. त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आयुष्याच्या सुरुवातीच्या काळाविषयी आणि आहाराविषयी आहे, तर सर्वांत तोकडा पुरावा नेमका त्या कॅप्सूलविषयी आहे.

या क्षेत्राला वळण देणारा प्रयोग २००४ साली जपानमधील क्युशू विद्यापीठात नोबुयुकी सुदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. जन्मापासून निर्जंतुक कक्षात वाढवलेल्या, म्हणजे शरीरात एकही जिवाणू नसलेल्या उंदरांना अरुंद नळीत काही काळ अडकवून ठेवले असता त्यांच्या रक्तातील ताणाची संप्रेरके साध्या उंदरांपेक्षा कितीतरी अधिक वाढली. त्यांच्या आतड्यात बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस हा एकच जिवाणू सोडल्यावर ही प्रतिक्रिया नेहमीसारखी झाली. या प्रयोगातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र पुढे आहे. साध्या उंदरांच्या विष्ठेतील जिवाणू लहान वयात दिले तर बिघाड काही अंशी दुरुस्त होत होता. तेच जिवाणू उशिरा दिले तर काहीही फरक पडत नव्हता. ताणाला तोंड देणारी यंत्रणा कशी जुळवायची याची मुदत बालपणीच संपते, असा त्याचा अर्थ होतो आणि पुढच्या बहुतेक संशोधनाने याच धाग्याचा पाठपुरावा केला.

२०११ साली स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील रोशेलिस डियाझ हाइट्झ आणि स्वेन पेटरसन यांच्या गटाला जंतुविरहित उंदीर अधिक धावपळ करणारे आणि कमी भित्रे आढळले. येथेही जन्मानंतर लवकर जिवाणू मिळालेली पिल्ले साध्या उंदरांसारखी वागली. २०१४ साली पेटरसन यांच्याच गटाने दाखवले की, जंतुविरहित मादीच्या गर्भातील पिल्लांमध्ये रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर पुरेसा घट्ट होत नाही, म्हणजे आईच्या आतड्यातील जिवाणूंचा परिणाम पिल्लू जन्मण्याआधीच सुरू झालेला असतो. २०१५ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे मेंदूतील मायक्रोग्लिया या पेशींचा अभ्यास झाला. या पेशी मेंदूचे संरक्षण करतात आणि वाढत्या मेंदूत नको असलेल्या जोडण्याही छाटून टाकतात. जंतुविरहित उंदरांमध्ये त्या अपरिपक्व राहिल्या होत्या आणि जिवाणू तंतुमय पदार्थ आंबवून जी लहान मेदाम्ले बनवतात ती पाण्यातून दिल्यावर त्या बऱ्याच अंशी सुधारल्या.

हा निरोप आतड्यातून मेंदूपर्यंत पोहोचण्याचे एकाहून अधिक मार्ग आहेत. व्हेगस नावाची लांब नस मेंदूच्या बुंध्यापासून पोटापर्यंत जाते आणि तिच्यातील बहुसंख्य तंतू पोटाकडून मेंदूकडे माहिती नेतात. आयर्लंडमधील कॉर्क आणि कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठांच्या २०११ सालच्या संयुक्त प्रयोगात लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा एक विशिष्ट प्रकार दिलेले उंदीर कमी घाबरट झाले, परंतु ज्यांची व्हेगस नस कापली होती त्यांच्यावर कोणताही परिणाम झाला नाही. दुसरा मार्ग ब्युटिरेट, ॲसिटेट आणि प्रोपिओनेट या मेदाम्लांचा आहे. तिसरा रोगप्रतिकारक पेशींचा. चौथा ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा, कारण आतड्यातील जिवाणूंच्या हालचालींवर त्याचा किती भाग कोणत्या रसायनाकडे वळेल हे अवलंबून असते.

येथे एका फार पसरलेल्या समजाविषयी लिहिले पाहिजे. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होते, हे खरे आहे आणि काही जिवाणू त्याच्या निर्मितीला चालना देतात, हेही २०१५ साली कॅलिफोर्नियातील एका गटाने दाखवले. परंतु ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपले सेरोटोनिन स्वतः बनवतो. त्यामुळे "आतड्यात आनंदाचे रसायन बनते, म्हणून आमची पूड घ्या" या जाहिरातीतील पहिले वाक्य खरे असले, तरी दुसरे त्यातून निघत नाही.

माणसांच्या बाळांविषयी थेट माहिती अजून थोडी आहे आणि जी आहे ती सरळ नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने ८९ बाळांच्या आतड्यातील जिवाणू पहिल्या वर्षी तपासले आणि दुसऱ्या वर्षी त्यांची आकलनक्षमता मोजली. बॅक्टेरॉइडिस हे जिवाणू भरपूर असलेल्या गटाचे गुण सर्वांत चांगले आले, पण जिवाणूंची विविधता जास्त असलेल्या बाळांचे गुण मात्र कमी होते. विविधता जितकी अधिक तितके चांगले, हे प्रौढांविषयीचे विधान वर्षाच्या बाळाला जसेच्या तसे लावता येत नाही. अहवालातील "विविधता कमी" हा लाल शेरा पाहून घाबरलेल्या पालकांनी ही गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी.

सई_आई

लेख दोनदा वाचला. माझ्या मुलीचा जन्म सिझेरियनने झाला, आणि जन्मतःच संसर्गाचा संशय असल्यामुळे तिला काही दिवस अतिदक्षता कक्षात ठेवून ॲण्टिबायोटिक दिले गेले. ती आता दीड वर्षाची आहे आणि तिची वाढ व्यवस्थित आहे, असे डॉक्टर सांगतात. तरीही सिझेरियनच्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण अधिक असते आणि त्याचे कारण आतड्यातील जिवाणू आहेत, असे सतत वाचनात येते. रात्री झोप लागत नाही. यात किती तथ्य आहे, हे कृपया स्पष्टपणे सांगावे.

मृण्मयी_स

सईताई, सिझेरियन आणि स्वमग्नता यांविषयीचा सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एक २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्वीडनमधील सुमारे २७ लाख मुलांची नोंद तपासली होती. वरवर पाहता सिझेरियनने जन्मलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी अधिक दिसले. मग संशोधकांनी एकाच आईची अशी मुले घेतली, ज्यांतले एक सिझेरियनने आणि दुसरे नैसर्गिक प्रसूतीने जन्मले होते. त्यांची तुलना करताच हा फरक नाहीसा झाला. म्हणजे आधी दिसलेला संबंध शस्त्रक्रियेमुळे किंवा जिवाणूंमुळे नव्हता. शस्त्रक्रियेची वेळ ज्या कारणांनी येते ती कारणे आणि कुटुंबातील आनुवंशिक घटक यांचा तो परिणाम असावा.

जिवाणूंमध्ये सुरुवातीला फरक पडतो, हे खरे आहे. ब्रिटनमध्ये ५९६ बाळांच्या अभ्यासात सिझेरियनच्या बाळांमध्ये बॅक्टेरॉइडिस फार कमी आणि रुग्णालयातील जिवाणू अधिक आढळले होते. पहिले वर्ष सरता सरता यातला पुष्कळसा फरक मिटत जातो, बॅक्टेरॉइडिसची उणीव मात्र काही बाळांत अधिक काळ टिकते. आईच्या दुधात अशा अनेक शर्करा असतात ज्या बाळाला स्वतःला पचवता येत नाहीत. त्या जणू बिफिडोबॅक्टेरियमसाठीच बनवलेल्या असतात. तुम्ही अजून पाजत असाल तर ते चालू ठेवावे आणि नसाल तरी दीड वर्षाच्या मुलीच्या ताटात डाळी, भाज्या, फळे, दही, नाचणी असे वेगवेगळे पदार्थ येत असतील तर तिच्या आतड्याला हवे ते मिळत आहे.

जन्मतः दिलेल्या ॲण्टिबायोटिकविषयी मनात अपराधाची भावना ठेवू नये. नवजात बाळाच्या रक्तातील संसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो, आणि मेंदूला कायमची इजा करण्याची त्याची क्षमता कोणत्याही औषधापेक्षा मोठी आहे.

तर्कनिष्ठ

मला मूळ मांडणीतील उंदरांवरच्या भिस्तीविषयी आक्षेप नोंदवायचा आहे. संपूर्ण जंतुविरहित प्राणी निसर्गात नसतो. ज्या प्राण्याच्या आतड्याची रचना, प्रतिकारशक्ती आणि चयापचय सर्वच वेगळे आहे, त्याचे वर्तनही वेगळे असणारच. त्यावरून माणसाच्या मुलाविषयी काय शिकायचे? दुसरे म्हणजे, आजारी माणसाच्या विष्ठेतील जिवाणू उंदराला दिले की उंदीर आजारी पडतो, या धर्तीचे प्रयोग. २०२० साली येन्स वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी अशा ३८ प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांपैकी ३६ प्रयोगांत, म्हणजे ९५ टक्के, आजाराचे लक्षण उंदरात "उतरले" असा दावा आढळला. इतक्या निरनिराळ्या आजारांत इतके यश ही आनंदाची नव्हे, शंकेची बाब आहे, असे त्यांनीच लिहिले.

आणि हा उत्साह पहिल्यांदाच आलेला नाही. १९१० साली लंडनच्या बेथलेम रुग्णालयात जॉर्ज पोर्टर फिलिप्स यांनी विषण्णतेच्या रुग्णांना दुधाच्या आम्लाचे जिवाणू देऊन सुधारणा झाल्याचे नोंदवले. तेवढे निरुपद्रवी होते. परंतु त्याच कल्पनेच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन होते. वेडाचे मूळ शरीरात लपलेल्या जंतुसंसर्गात आहे, अशी त्यांची खात्री होती आणि त्या खात्रीपोटी त्यांनी रुग्णांचे दात, टॉन्सिल आणि शेवटी मोठे आतडेही काढून टाकले. त्यात कित्येक रुग्ण दगावले. त्या रुग्णांना नकार देण्याचीही मुभा नव्हती. विज्ञानातील अर्धवट कल्पनेची किंमत कोण मोजतो, हे विसरता येत नाही.

मृण्मयी_स

तर्कनिष्ठ, तुमचे दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत आणि वॉल्टर यांचा आढावा मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देते. जंतुविरहित उंदरांवरून मी एवढाच निष्कर्ष काढते की, मेंदूच्या घडणीत जिवाणूंना काहीतरी भूमिका आहे आणि ती वयाशी बांधलेली आहे. कोणत्या आजारात कोणता जिवाणू दोषी, हे त्यांवरून ठरत नाही.

उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता किती खडतर आहे, याचे उदाहरण मी वर उल्लेखलेल्या कॉर्कच्या प्रयोगातच आहे. त्याच जिवाणूची चाचणी तिथल्याच संशोधकांनी २९ निरोगी पुरुषांवर घेतली, आणि २०१७ साली प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले की ताण, चिंता, स्मरणशक्ती यांपैकी कशावरही त्याचा परिणाम झाला नाही. असा नकारात्मक निष्कर्ष छापणाऱ्यांविषयी मला फार आदर वाटतो.

स्वमग्नतेच्या बाबतीतही कारण आणि परिणाम यांची दिशा उलट निघाली. ऑस्ट्रेलियात २०२१ साली २४७ मुलांच्या विष्ठेचा जनुकीय अभ्यास झाला. स्वमग्नता आणि जिवाणू यांच्यात थेट संबंध जवळपास सापडला नाही. ठरावीक चवीचे, ठरावीक पोताचेच अन्न खाण्याच्या सवयीमुळे या मुलांचा आहार मर्यादित राहतो आणि त्या मर्यादित आहारामुळे जिवाणूंची विविधता घटते, असे चित्र पुढे आले. जिवाणू बदलून स्वमग्नता "बरी" करण्याची हमी देणाऱ्यांकडे पालकांनी पैसे आणि मूल दोन्ही सोपवू नये.

औदुंबर

मी शासकीय रुग्णालयात औषधशास्त्र विभागात काम करतो. या चर्चेत एक गोष्ट राहून जात आहे. आतड्यातील जिवाणू मेंदूवर परिणाम करतात, हे प्रौढ माणसात अगदी निर्विवाद सिद्ध झालेले एक उदाहरण आमच्या वॉर्डात रोज दिसते. यकृताचा सिऱ्हॉसिस (यकृत कठीण होऊन निकामी होत जाण्याचा आजार) झालेला रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागतो, दिवसा झोपतो आणि रात्रभर जागतो, हात पुढे धरायला सांगितले की पंजे फडफडतात. घरचे लोक त्याला मानसिक आजार समजतात किंवा पुन्हा दारू प्यायला असे मानून रागावतात. प्रत्यक्षात आतड्यातील जिवाणूंनी प्रथिने आणि युरियापासून बनवलेला अमोनिया निकामी यकृतातून न गाळता मेंदूपर्यंत पोहोचलेला असतो.

त्यावरचा उपचारही जिवाणूंच्या वाटेनेच होतो. लॅक्ट्युलोजचे गोड सिरप आतड्यात शोषले जात नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू ते आंबवतात, तेथील आम्लता वाढते, अमोनिया आतड्यातच अडकून राहतो आणि शौचावाटे निघून जातो. रिफॅक्सिमिन हे आतड्यातच राहणारे ॲण्टिबायोटिक आहे. २०१० साली २९९ रुग्णांवर सहा महिने चाललेल्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे २२ टक्के रुग्णांना हा झटका पुन्हा आला, तर न घेणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के रुग्णांना आला. दोन्ही गटांतील बहुतेकांना लॅक्ट्युलोज चालूच होते.

हे येथे लिहिण्याचे कारण व्यावहारिक आहे. लॅक्ट्युलोजमुळे दिवसातून दोन-तीन वेळा सैल शौचाला होणे हाच उपचाराचा हेतू असतो. "जुलाब लागले" म्हणून नातेवाईक सिरप परस्पर बंद करतात, आणि आठवड्याभरात रुग्ण बेशुद्धावस्थेत परत येतो. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते बंद करू नये.

तर्कनिष्ठ

हे उदाहरण मला पटले. कारण ठाऊक आहे, रसायन मोजता येते, उपचाराने लक्षण जाते आणि उपचार थांबवल्यावर परत येते. उदासीनतेविषयी, म्हणजे डिप्रेशनविषयी, या दर्जाचा पुरावा आहे काय?

मृण्मयी_स

या दर्जाचा नाही. बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांतात १,०५४ लोकांच्या अभ्यासात उदासीनतेच्या रुग्णांमध्ये कोप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे जिवाणू कमी आढळले, अवसादरोधक औषधांचा प्रभाव वजा केल्यावरही ते कमीच राहिले आणि नेदरलँड्समधील दुसऱ्या मोठ्या गटातही असाच कल दिसला. हा २०१९ सालचा निष्कर्ष आहे आणि तो काळजीपूर्वक काढलेला आहे. तरीही उदास माणूस कमी जेवतो, कमी हिंडतो, त्याची झोप बिघडते आणि या प्रत्येक गोष्टीने जिवाणू बदलतात. तेव्हा आधी काय झाले, हे अशा एकवेळच्या तपासणीतून कळत नाही.

औषधांचा प्रभाव वजा करणे किती आवश्यक आहे, हे जर्मनीतील हायडेलबर्ग येथील प्रयोगशाळेने २०१८ साली दाखवले. बाजारातील हजाराहून अधिक औषधे आतड्यातील ४० जिवाणूप्रकारांवर तपासली असता, जिवाणूंसाठी बनवलेलीच नव्हती अशा औषधांपैकीही २४ टक्के औषधांनी निदान एका जिवाणूची वाढ रोखली, आणि त्यांत मनोविकारांवरील औषधांचे प्रमाण लक्षणीय होते.

आहाराच्या बाजूने ऑस्ट्रेलियातील २०१७ सालची ६७ रुग्णांची चाचणी उल्लेखनीय आहे. मध्यम ते तीव्र उदासीनता असलेल्या रुग्णांपैकी एका गटाला १२ आठवडे आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन, तर दुसऱ्याला तितक्याच वेळेची सोबत देण्यात आली. आहार सुधारलेल्या गटातील ३२ टक्के आणि सोबतीच्या गटातील ८ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले. बहुतेकांचे आधीचे उपचार चालूच होते. आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना कळत होते, ही या चाचणीची मर्यादा आहे. तरीही डाळी, भाज्या आणि सुकामेवा यांवर भर देणारा सल्ला कोणाचे नुकसान करत नाही, म्हणून तो द्यायला मी कचरत नाही.

नीलकंठ

मी गेली काही वर्षे मानसोपचारतज्ज्ञांकडून उपचार घेतो. एका परिचिताने औषधे सोडून केवळ आहार आणि प्रोबायोटिक यांवर राहण्याचा आग्रह धरला होता. मी ते केले नाही. हा धागा अशाच स्थितीतील कोणी वाचत असेल, तर औषध कमी-जास्त करण्याचा निर्णय आपल्या डॉक्टरांसोबतच घ्यावा, एवढीच कळकळीची विनंती आहे. ताक, भाकरी, उसळ जेवणात वाढवली आहे आणि ती औषधांसोबत चालू आहे.

औदुंबर

नीलकंठ यांना दुजोरा. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील २०२३ सालच्या ४९ रुग्णांच्या प्राथमिक चाचणीतही एका गटाला प्रोबायोटिक दिले ते अवसादरोधक औषध चालू ठेवूनच, औषधाऐवजी नव्हे.

लहान मुलांविषयीही एक इशारा देणे भाग आहे. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू, आणि कोणता प्रकार, किती, कोणत्या बाळाला, यावर सगळे अवलंबून असते. ओडिशातील गावांमध्ये ४,५५६ निरोगी नवजात बाळांवर झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक ठरावीक प्रकार आणि त्याला पोसणारी शर्करा सात दिवस दिली गेली. रक्तसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष आपल्या देशासाठी अभिमानाचा आहे. परंतु ती बाळे पुरेशा दिवसांची आणि पुरेशा वजनाची होती. याउलट, अगदी अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाचा मृत्यू प्रोबायोटिकमधील जिवाणू रक्तात पसरल्यामुळे झाल्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली अशा बाळांबाबत सावधगिरीची सूचना काढली. दुकानातून परस्पर आणलेली पुडी तान्ह्या बाळाला देऊ नये.

पाऊलवाट

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून आदिवासी तालुक्यात दीर्घकाळ काम केले आहे. वरील चर्चा बहुतांश युरोप-अमेरिकेतील पोटभर जेवणाऱ्या माणसांची आहे. आमच्याकडे प्रश्न वेगळा असतो. मॅम (मध्यम कुपोषित) श्रेणीतील मूल ग्राम बाल विकास केंद्रात येते, पूरक आहाराने त्याचे वजन वाढते, ते श्रेणीबाहेर जाते आणि पावसाळ्यात दोनदा जुलाब झाले की पुन्हा यादीत येते. वजन आले तरी अशी मुले खेळण्यात, बोलण्यात मागे राहतात, हे आम्हा सर्वांना डोळ्यांनी दिसते. याचा आतड्यातील जिवाणूंशी काही संबंध आहे का?

मृण्मयी_स

पाऊलवाटताई, ज्या संशोधनाविषयी लिहायची मला सर्वाधिक इच्छा होती, तेथे तुम्ही चर्चा आणलीत. तुमचा प्रश्न जवळपास याच शब्दांत ढाक्यातील आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्राचे ताहमीद अहमद आणि अमेरिकेतील सेंट लुईसचे जेफ्री गॉर्डन यांनी हाती घेतला.

२०१४ साली त्यांनी प्रथम ढाक्यातील निरोगी मुलांच्या आतड्यातील जिवाणू महिन्यागणिक कसे बदलतात, याचा आलेख तयार केला. बाळाचे वजन वयानुसार तक्त्यावर मांडावे, तशी ही जिवाणूंच्या वयाची मोजपट्टी झाली. कुपोषित मुलांना ती लावल्यावर दिसले की, त्यांच्या आतड्यातील जिवाणू त्यांच्या वयापेक्षा मागे आहेत. दीड वर्षाच्या मुलाच्या आतड्यात त्याहून कितीतरी लहान बाळाचे जिवाणू आहेत. उपचाराचा आहार देताना ही पिछाडी थोडी भरून निघाली, परंतु आहार थांबल्यावर ती पुन्हा दिसू लागली. तुमच्या यादीत परत येणाऱ्या मुलांच्या कोड्याचे निदान एक उत्तर येथे आहे.

मग त्यांनी विचार उलटा केला. उष्मांक किती द्यायचे, हे न विचारता, मागे पडलेले जिवाणू कोणत्या अन्नावर वाढतात, हे विचारले. स्थानिक बाजारातील पदार्थ प्रथम प्राण्यांवर आणि नंतर मुलांच्या छोट्या गटांवर तपासून त्यांनी हरभऱ्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ, शेंगदाण्याचे पीठ आणि कच्ची केळी यांचे एक मिश्रण निवडले. त्यात साखर, तेल आणि सूक्ष्म पोषकद्रव्येही होती. ढाक्याच्या मिरपूर वस्तीतील १२ ते १८ महिन्यांच्या, तुमच्या भाषेत मॅम श्रेणीतील, १२३ मुलांपैकी एका गटाला हे मिश्रण आणि दुसऱ्याला तांदूळ-मसुरीवर आधारलेला प्रचलित पूरक आहार तीन महिने देण्यात आला. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नव्या मिश्रणात उष्मांक कमी असूनही त्या गटातील मुलांचे वजन अधिक वेगाने वाढले.

वजनाच्या पलीकडची गोष्ट माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. संशोधकांनी रक्तद्रवातील हजारो प्रथिने मोजली. त्यांतील ७० प्रथिने आणि २१ जिवाणूगट उंचीच्या मानाने वजन सुधारण्याशी जोडलेले आढळले, आणि त्या प्रथिनांमध्ये हाडांच्या वाढीची तशीच मेंदू व मज्जासंस्थेच्या घडणीची प्रथिने होती. आतड्यातील जिवाणूंना हवे ते अन्न दिले, जिवाणू वयाला साजेसे झाले आणि मेंदूच्या वाढीशी संबंधित प्रथिने रक्तात वाढली. ही साखळी माणसाच्या मुलांमध्ये, चाचणीच्या शिस्तीत, आपल्या शेजारच्या देशात दिसली आहे.

तर्कनिष्ठ

परंतु मुलांची भाषा, लक्ष, आकलन यांची चाचणी त्यात होती का? रक्तातील प्रथिने म्हणजे बुद्धी नव्हे.

मृण्मयी_स

त्या अहवालातील निष्कर्ष वजन, प्रथिने आणि जिवाणू यांचे आहेत; मुलांच्या बोलण्याचे किंवा आकलनाचे नाहीत. म्हणूनच मी "मेंदूची वाढ सुधारली" असे न लिहिता "मेंदूच्या वाढीशी संबंधित प्रथिने वाढली" असे लिहिले. हा फरक मोठा आहे, आणि तो भरून काढण्यासाठी या मुलांकडे पुढची अनेक वर्षे लक्ष ठेवावे लागेल.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक दुवा. मिरपूरच्या मुलांमध्ये वजनवाढीशी ज्यांचे नाते सर्वांत ठळक दिसले, त्यांत प्रिव्होटेला कोप्री या जिवाणूचे वनस्पतींतील गुंतागुंतीच्या शर्करा फोडू शकणारे काही प्रकार होते. प्रिव्होटेला हा भारतीयांच्या आतड्यात विशेष प्रमाणात आढळणारा जिवाणू आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटाने हे नोंदवले आहे आणि भोपाळ व केरळमधील ११० लोकांच्या २०१९ सालच्या अभ्यासात भोपाळच्या धान्य-डाळींवर जगणाऱ्या लोकांमध्ये तो अधिक मिळाला. पाश्चात्त्य माणसाच्या आतड्यावरून बेतलेली मोजपट्टी आपल्या मुलांना लावणे किती चुकीचे ठरेल, हे यावरून कळते. विष्ठातपासणीच्या अहवालातील "आदर्श" रकाना नेमका कोणत्या देशातील माणसांवरून भरला आहे, हे कोणी छापत नाही.

पाऊलवाट

हरभरा, शेंगदाणे, सोयाबीन यांपैकी काहीच आमच्या गावांना परके नाही, आणि कच्ची केळीही मिळतात. मातांना हे मिश्रण घरी करायला सांगावे का?

मृण्मयी_स

घरच्या जेवणात हे पदार्थ सहा महिन्यांनंतर, नीट शिजवून, मऊ करून द्यायला अवश्य सांगावे. परंतु तो उपचार आहे, असे सांगू नये. चाचणीतील मिश्रणात सूक्ष्म पोषकद्रव्ये मोजून घातलेली होती, शेंगदाण्याला बुरशी नसल्याची खात्री केलेली होती, आणि सॅम (तीव्र कुपोषित) श्रेणीतील मुलाला तर वैद्यकीय देखरेखीखालील आहाराची गरज असते. शेंगदाण्याविषयी विशेष काळजी घ्यावी. ओलसर कोठीत ठेवलेल्या दाण्यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष बनवते, जे यकृताला इजा करते आणि मुलाची वाढही खुंटवते. काळपट, आक्रसलेले, खवट दाणे भाजले तरी ते विष पूर्णपणे जात नाही. असे दाणे निवडून टाकावेत.

औदुंबर

पाऊलवाटताई, तुम्ही पावसाळ्यातील जुलाबांचा उल्लेख केलात, त्याविषयी. दोन वर्षांखालील मुलांना अनावश्यक ॲण्टिबायोटिक सर्वाधिक मिळते ते याच कारणासाठी, आणि पाण्यासारख्या साध्या जुलाबांत बहुतेक वेळा त्याचा काहीही उपयोग नसतो. ओआरएस आणि चौदा दिवस झिंक, सहा महिन्यांखालील बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यावरील मुलाला २०, शिवाय स्तनपान व जेवण चालू ठेवणे, हाच उपचार आहे. शौचात रक्त असेल, मूल सुस्त पडले असेल, डोळे खोल गेले असतील किंवा ते पाणी पीत नसेल, तर मात्र त्याला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. जुलाब दोन-तीन दिवसांत थांबतात, म्हणून आया झिंकच्या गोळ्या मध्येच सोडतात. आशाताईंनी पाचव्या-सहाव्या दिवशी घरी जाऊन पाकिटातील उरलेल्या गोळ्या पाहिल्या तर फार फरक पडतो.

पाऊलवाट

पाकीट पाहण्याची सूचना आमच्या बीटमधील सेविकांच्या मासिक बैठकीत मांडते. दाणे निवडण्याविषयीचा परिच्छेदही त्यांना वाचून दाखवीन.